डोळे मागायचं काम

हे मी ज्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यांना ते स्वतःला वाचता येणार नाही. कोणीतरी खाटेशेजारी बसून वाचून दाखवावं लागेल. वाचणाऱ्याने घाई करू नये, आणि मध्येच थांबून "होईल हो सगळं नीट" असंही म्हणू नये. मला ते वाक्य फार ऐकावं लागलं. ऐकलं की वाटायचं, म्हणणारा उठून जाणार आहे आणि मी इथेच राहणार आहे.

माझं नाव शांता. मी मेहकर तालुक्यातल्या जानेफळची. वडील लवकर गेले, शेती भाऊ पाहतो. लहानपणी मला देवी आल्या. त्यात चेहऱ्यावर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याने उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच कळायचं. लग्नाचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी नर्सिंगला गेले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, इस्पितळं नवी उघडत होती आणि आमच्या भागातल्या मुली या कामाला येत नव्हत्या. त्यामुळे माझा एक डोळा कोणाला नडला नाही. उजवा चांगला होता. रात्रीच्या कंदिलातही मला शीर सापडायची.

जिल्ह्यातल्या एका इस्पितळात मी सिरिअस वॉर्डला होते. जे जगतील की नाही सांगता येत नाही, ते आमच्याकडे येत. तिथेच पुढे नागपूरहून शिकून मुळे डॉक्टर आले. डोळ्यांचे डॉक्टर. ते म्हणायचे, बुबुळावरची काच पांढरी पडली तर ती बदलता येते, फक्त ती नुकत्याच गेलेल्या माणसाच्या डोळ्यातून घ्यावी लागते. माणसं जात होती माझ्या वॉर्डात. म्हणून डोळे मागायचं काम माझ्याकडे आलं.

हे काम कोणी शिकवत नाही. मी माझं शिकले. उभ्याने मागायचं नाही, त्यांच्याबरोबर जमिनीवर बसायचं. पहिला हंबरडा ओसरू द्यायचा. पण फार थांबताही येत नाही, कारण काही तासांतच डोळे काढावे लागतात. रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवताना मनात घड्याळ चालू असायचं. बहुतेक लोक नाही म्हणत. एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "मेल्यावर बी आंधळं करता का बाई माह्या पोराले? वर गेल्यावर रस्ता कसा दिसन त्याले?" एका बाईने तर हात झटकून टाकला. "आंधी सोताच्या घरच्याचे द्या, मंग मागाले या." मी मुकाट्याने उठून आले. कधीतरी एखादा हो म्हणायचा. त्या दिवशी मुळे डॉक्टर वॉर्डात येऊन माझ्याकडे नुसतं बघायचे.

*

सुगीत मी रजा घेऊन घरी गेले होते. खळ्यावर ज्वारी उपणत होते. वारा फिरला आणि भूस तोंडावर आलं. उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. मी पदराने पुसलं, पाण्याचे हबके मारले, आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल. मग पाणी. मग असं ठणकायला लागलं की दाराच्या फटीतून येणारा उजेडही सहन होईना. भावाने बैलगाडी जुंपली आणि मला एसटीवर आणून सोडलं.

मुळे डॉक्टर तपासताना बोलत असत. पेशंटला गाव विचारायचे, पीकपाणी विचारायचे. त्या दिवशी त्यांनी पापणी उघडली, टॉर्च लावला आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

मी म्हटलं, "टॉर्च विझवा हो डॉक्टर, सोसत नाही."

"केव्हाच विझवलाय, शांताबाई."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "काचेवर जखम आहे. खोल गेलीये. जखम भरून आणू आपण."

"आणि डाग?"

दुसरं कोणी असतं तर त्यांनी काहीतरी समजूत घातली असती. माझी काय घालणार? मीच इतक्या लोकांना त्यांच्या टेबलासमोर बसवलं होतं.

जखम भरायला फार दिवस लागले. तासातासाला औषधाचे थेंब, वर पट्टी. पट्टी निघाली तेव्हा उजव्या डोळ्याचंही डाव्यासारखंच झालं होतं. आंधळेपण काळं असतं असं मला वाटायचं. माझं पांढरं होतं. सकाळी डोळे उघडले की ताकाच्या रांजणात तोंड बुडवल्यासारखं वाटायचं. कोणी समोर आलं की त्या पांढऱ्यात एक मळकट डाग हलायचा. तो बोलेपर्यंत माणूस कोण ते कळायचं नाही.

*

घरी राहिले ते महिने सगळ्यात वाईट. इस्पितळात निदान मला कुठे काय आहे ते ठाऊक होतं. जानेफळच्या घरात मी लहानाची मोठी झाले, पण तिथे भाच्यांचे पाट, घागरी, सुपं रोज जागा बदलायची. भावाने दारापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधून दिली. दोरीला धरून जायचं आणि दोरीला धरून यायचं. पहाटे शेताकडे मात्र माय घेऊन जायची, आणि मी बसले की पाठ करून उभी राहायची. एवढी मोठी बाई मी, नोकरीवाली, दर महिन्याला घरी येताना पिशवी भरून आणणारी. त्या वेळी मला मरावंसं वाटायचं. हे खोटं कशाला सांगू?

बायका बघायला यायच्या. माझ्यासमोरच मायला विचारायच्या, "काईच दिसत नाई का वो तिले?" ऐकूही येत नसल्यासारखं. वहिनी वाईट नव्हती, पण तिचं काम दुप्पट झालं होतं. एकदा तिने भावाला चुलीजवळ हळूच विचारलेलं मी ऐकलं, "असं कुठलोक चालन?" ती जे विचारत होती तेच मीही विचारत होते, म्हणून मला राग आला नाही.

मुळे डॉक्टरांचा निरोप आला की डोळा आता शांत आहे, काच बदलून बघू. पण डोळा कधी मिळेल ते सांगता येत नाही. मिळाला की त्याच दिवशी लावावा लागणार, तेव्हा गावाकडून येण्यात वेळ जायला नको, इस्पितळातच येऊन राहा.

माय उखडली. "मेलेल्या मानसाचा डोळा घालतेत का कोनी? काय दिसन तुले त्याच्यातून? त्यानं पाह्यलं तेच दिसन."

"माय, फक्त काच असते ती. चष्म्यासारखी."

"चष्मा दुकानातून भेटते. हे कोठून भेटते, मले समजत नाई का?"

भाऊ म्हणाला, "डोळा तिचा हाये. तिले ठरवू दे."

माय माझ्याशी बोलेनाशी झाली. निघायच्या दिवशी मात्र तिने आपलंही गाठोडं बांधलेलं. एसटीत शेजारी बसून म्हणाली, "मी हो म्हनलं नाई. पन तुले एकटी कशी सोडू?"

*

मेट्रनबाईंनी मला सिरिअस वॉर्डाला लागून असलेली सामानाची खोली रिकामी करून दिली. एक खाट, मायची सतरंजी, एवढीच जागा. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, वरून उघडी. पलीकडे वॉर्डातली शेवटची खाट.

माझ्या जागी कौसल्या सिस्टर होती, माझ्या हाताखाली शिकलेली. तिची एक गोष्ट मी विसरणार नाही. पहिल्याच सकाळी तिने गॉजचं बोचकं माझ्या मांडीवर आणून टाकलं. "घड्या घालून द्या, बाई. आम्हाला सवड नाही." विचारलं नाही, कीव केली नाही. माझे हात कित्येक महिन्यांनी कामाला लागले. आजाऱ्याला बघायला जाल तर फळं नेऊ नका, काम न्या.

पण घड्या घालता घालता कान पलीकडे असायचे. इतकी वर्षं त्या वॉर्डात काढल्यावर कानाला सगळं कळतं. कोणाचा श्वास घशात अडकतोय, कोण आता वळणावर आलाय, कोणती ट्रॉली कोणाला घेऊन चाललीये. आधी हे कळलं की मी धावत असे. आता खाटेवर बसून होते, आणि मी तिथे बसले होते ते कशासाठी? कोणीतरी जायची वाट बघायला. दुसरा अर्थच नव्हता त्याला. मी कान बंद करायचे तर डोळ्यांपुढे ते पांढरं, आणि त्यात तेच विचार. बाहेर जायला वाट नव्हती, ना खोलीतून, ना त्या विचारातून.

पार्वताबाई त्या शेवटच्या खाटेवर आल्या. पिंपळगाव राजाच्या, माळ्याघरच्या. वांगी-मिरचीचा मळा होता. हृदयाची झडप खराब झालेली, पायावर सूज, आडवं पडलं की जीव घाबरायचा. त्यामुळे बाई दिवसरात्र उशांना टेकून बसलेली. तिला झोप नाही आणि मला उजेड नाही. आम्ही फळ्यांतून बोलायला लागलो.

"तिकडं कोन हाये वो?" पहिल्यांदा तिनेच विचारलं.

"मी शांता. इथलीच नर्स. सध्या पेशंट."

"बाप्पा! नर्सा बी पडतेत का आजारी?"

एकेक वाक्य ती दोन-दोन श्वासांत बोलायची, पण बोलायची. दोघी पोरींची लग्नं झाली. नवरा, किसन, बोलायला कंजूस पण मिरचीच्या रोपांशी बोलतो. इस्पितळाच्या भाजीला चव नाही, वांगं कसं भाजायचं हे इथल्या स्वयंपाक्याला सांगून ये, असं तिने त्याला खरंच पाठवलं होतं. मायची आणि तिची चांगली गट्टी जमली. फळीच्या वरून दोघी तंबाखूची चंची एकमेकींकडे द्यायच्या. मी रागवायचे. "हृदयाचा आजार आहे त्यांना!" "म्हून तं थोडीच घेऊन राह्यली," पलीकडून उत्तर यायचं.

*

एका दुपारी किसनभाऊ डबा आणायला गेले होते. कौसल्या एका पेशंटला खालच्या मजल्यावर घेऊन गेलेली. माय नळावर. पलीकडे पार्वताबाई खोकल्या. तो खोकला नेहमीचा नव्हता. मग घशात पाणी घोळवल्यासारखा आवाज यायला लागला आणि बोलणं बंद झालं.

तो आवाज मला ठाऊक होता. फुप्फुसात पाणी भरतं तेव्हाचा. मी उठले. भिंत धरून दारापर्यंत, दारातून वॉर्डात, खाटेचा गज हाताला लागला. त्यांचं अंग गार, घामाने चिंब. मी त्यांचे पाय खाली सोडले, पाठीमागे बसून माझ्या छातीचा टेकू दिला. सिलिंडरची किल्ली हाताने शोधून फिरवली, नळी गालाला लावून वारा येतो की नाही पाहिलं आणि त्यांच्या नाकाशी धरली. रबरी पट्ट्या कोणत्या खणात असतात ते मला विचारावं लागलं नाही, तो खण मीच लावला होता. दोन्ही मांड्यांना आणि एका दंडाला पट्ट्या आवळल्या, म्हणजे छातीकडे जाणारं रक्त थोडं अडतं, आणि आळीपाळीने एकेक सैल करत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाला ओरडून सांगितलं, "पळा, डॉक्टरांना आणा!" माझ्या हातावर त्यांच्या तोंडातला फेस चिकट लागत होता.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. हळूहळू तो घोळवल्यासारखा आवाज कमी झाला. पार्वताबाई वाचल्या.

खोलीत आल्यावर मायने माझे हात धुतले. कितीतरी वेळ धूत राहिली. मग हळूच म्हणाली, "असीच कोनाची तरी वाट पाह्यत बसलो ना वो आपुन अथी?"

मी हात पदराला पुसले. मगाशी डोळ्यांचा विचारही मनात आला नव्हता. आता तो आला आणि जाईना.

दोन दिवसांनी पार्वताबाईंनी फळीवर टिचकी मारली. "तुमाले दिसत नाई, अन् तुमी मले वाचवलं?"

"सवय असते हाताला."

"नसतं वाचवलं, तं माह्ये डोळे तुमाले भेटले असते. मले तुमच्या मायनं सांगतलं, तुमी कायले बसल्या अथी ते."

"पार्वताबाई, असं बोलू नका."

"काऊन? मले काई मरायची हौस नाई. पन गेलीच, तं घ्या. माह्ये डोळे चांगले हायेत. सुईत दोरा मीच ओवतो साऱ्या गल्लीच्या बायकाईले."

"मी तुमची नर्स आहे. मला हे सांगायचं नाही."

"तुमी कायच्या नर्स? तुमी तं पेशंट!" ती हसली आणि खोकत सुटली.

मी सांगितलं, "घरच्यांना सांगा काय ते. मी हे ऐकलंच नाही असं धरीन."

ऐकलंच नाही असं धरता येत नाही. त्या दिवसापासून त्यांना बरं वाटलं की मला आनंद व्हायचा आणि लगेच मी तो आनंद तपासून बघायची, खरा आहे ना? त्यांना धाप लागली की मी तोंडात पदर कोंबून बसायची. मुळे डॉक्टरांना म्हटलं, मला दुसरीकडे हलवा. ते म्हणाले, बायकांच्या वॉर्डात डोळे आलेल्या पोरांची गर्दी आहे, तुमच्या डोळ्याला तिथलं काही लागलं तर सगळंच संपेल. इथेच राहा. राहिले. जाणार कुठे?

*

पार्वताबाई एका सकाळी गेल्या. मायला सांगत होत्या की मिरचीच्या वाफ्याला राख कशी टाकायची, आणि वाक्य अर्धंच राहिलं. त्यांची मान कलल्याचा आवाज आला नाही, उशीचा आला. कौसल्या धावली, डॉक्टर आले, बराच वेळ छाती दाबली. मग कोणीच काही करेनासं झालं.

कौसल्या माझ्या खोलीत आली. रडत होती. "मी विचारलं किसनभाऊंना. ते बोलतच नाहीत. बाई, तुमच्यासाठी मला कसं मागता येईल? तुम्हीच तर मला शिकवलंत."

मी म्हटलं, "नको मागूस. जा, त्यांच्याजवळ बस नुसती."

ती गेली. थोड्या वेळाने दारात सावली हलली. किसनभाऊ स्वतःच आले होते.

"बाई, ती मले सांगून गेली व्हती. दोन डाव सांगतलं. मी हो म्हनलं नाई. मरायच्या गोठी करू नको म्हनलं."

"बसा भाऊ."

ते जमिनीवर बसले. मी खाटेवरून उतरून खाली बसले. माय कोपऱ्यात होती, तिचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"मी नाई म्हनलं तं?"

"तर नाही. कोणी काही म्हणणार नाही तुम्हाला. मीही नाही."

"कसे काढतेत?"

मी सांगितलं. जसं इतरांना सांगायची तसंच सांगितलं. डॉक्टर हळूच काढतात, आत कापूस ठेवतात, पापण्या मिटतात. झोपल्यासारखंच दिसतं. तो कापूस मी माझ्या हाताने ठेवलेला आहे.

"पोरी येतीन. त्याईले कळन?"

"नाही कळणार."

मग त्यांनी विचारलं, "तुमाले पाह्यजेत का?"

इतकी वर्षं मी डोळे मागितले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नाही म्हणणं शोभलं असतं. तुमच्या इच्छेवर आहे, असंही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हटलं. "पाहिजेत. तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही. पण विचारलंत म्हणून सांगते. मला पाहिजेत."

त्यांनी नाक शिंकरलं. "आता कसं समजलं. ते सिस्टर म्हने, पुन्य लागते, समाजाचं भलं व्हते. मले उमजेना, पाह्यजेत कोनाले?" मग उठले. "घ्या. पन काढल्यावर तिचं तोंड मीच धुईन. दुसऱ्या कोनी नाई धुवाचं."

कोपऱ्यातून माय उठली. डोळा घालायला नाही म्हणणारी माझी माय. "थांब बाबू," ती म्हणाली, "पानी मी टाकतो. तुह्यानं एकट्यानं नाई होनार."

ती दोघं गेली. थोड्या वेळाने मला टेबलावर नेलं.

*

ऑपरेशनचं मी फार सांगणार नाही. सुई टोचून डोळा बधिर करतात, तुम्ही जागे असता, कात्रीचा आवाज ऐकू येतो. भीती वाटते, पण ते संपतं. खरी परीक्षा नंतरची.

दोन्ही डोळ्यांना पट्टी. उताणं झोपायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, म्हणजे झोपेतही मान वळू नये. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही. टाके केसाहून बारीक, एका शिंकेने सुटतील. माय चमच्याने ज्वारीची पेज पाजायची आणि मी गिळताना ती स्वतः श्वास धरून बसायची.

आणि रडायचं नाही. मुळे डॉक्टरांनी हे बजावून सांगितलं होतं. फळीपलीकडे नवा पेशंट आला, एक म्हातारा, तो रामरक्षा म्हणायचा. पार्वताबाईंची खाट होती ती. मला हुंदका यायचा आणि मी तो गिळायची. ज्या बाईची काच माझ्या डोळ्यावर होती, तिच्यासाठी तो डोळा ओला करायची परवानगी नव्हती. आधीचं सगळं अडकणं एकीकडे आणि हे एकीकडे. तुमच्यावरही अशी वेळ आली तर सांगते, मी काय केलं. कौसल्याला म्हटलं, माझा हात धर. ती ड्यूटी संपल्यावर येऊन धरायची. बोलायची नाही. तेवढ्यावर ते दिवस निघाले.

पट्टी काढली तेव्हा आधी धूसर पिवळं दिसलं. मग डॉक्टरांची बोटं. मग त्यांच्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं. मी ते सांगितलं तर डॉक्टर खाली बघून बटण चाचपायला लागले आणि मायने तिथेच फतकल मारली. पुढे चष्मा लागला. नजर पूर्वीसारखी झाली नाही, सुईत दोरा मला आजही ओवता येत नाही. पण माणसं दिसतात. पार्वताबाईंचा दुसरा डोळा दुसरबीडच्या एका बाईला लावला होता, तो मात्र टिकला नाही. हेही सांगायला हवं. सगळ्यांचे टिकत नाहीत.

मी परत कामावर गेले. डोळे मागायचं कामही परत माझ्याकडे आलं. पण आता मी 'पुण्य लागतं' असं म्हणत नाही. कोण वाट बघत बसलंय ते सांगते, त्याचं गाव सांगते, तो काय काम करायचा ते सांगते. लोक अजूनही बहुतेक वेळा नाहीच म्हणतात. मी त्यांच्याजवळ बसून राहते.

*

पुढच्या मिरचीच्या हंगामात एक माणूस वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. मध्यम वयाचा, उन्हाने करपलेला, हातात पिशवी. मी विचारलं, "कोणाला भेटायचंय?" तो बोलला आणि आवाजावरून मी ओळखलं. किसनभाऊंना मी म्हातारे समजत होते. ते तसे नव्हते.

त्यांना आत बसवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जवळून पाहू का?"

मी चष्मा काढला. ते वाकले. उजव्या डोळ्यात खूप वेळ बघितलं, मग डाव्यात, मग परत उजव्यात.

"हा तं काळा हाये," ते म्हणाले. "तिचे घारे व्हते."

ते का आले ते मला एकदम कळलं. मी समजावलं की बुबुळ माझंच आहे, त्यावरची काच तेवढी पार्वताबाईंची. काचेला रंग नसतो. ती दिसत नाही, तिच्यातून दिसतं.

ते मागे सरून बसले. रागावले की हिरमुसले, मला समजेना. "मी साऱ्या रस्त्यानं भेत आलतो," ते म्हणाले. "म्हनलं, तिनं पाह्यलं माह्याकडं तं काय बोलू?"

कौसल्याने चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत. मी म्हटलं, "भाऊ, एक विचारू? मी त्यांना पाहिलंच नाही कधी. आवाज ऐकला, हाताला अंग लागलं, तेवढंच. कशा दिसायच्या त्या?"

"फोटो तं नाई काढला कधी."

"तुम्ही सांगा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मानसासारखी मानूस," असं म्हणून थांबले. मग म्हणाले, उंचीनं माझ्या खांद्याएवढी. मग म्हणाले, नाही, थोडी वर, डोक्यावर पाटी असली तरी तिचं तोंड दिसायला वाकावं लागायचं नाही. कपाळाचं गोंदण सांगितलं. पुढचा एक दात जरासा आडवा होता, तो हसताना ती ओठाने झाकायची, आणि रागावली की विसरायची. हाच तो बोलायला कंजूस माणूस. त्यांची पिंपळगावची एसटी खाली आवारात लागली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. ते सांगत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत ऐकत होते.